ईयोबाचे गाऱ्हाणे

ख्रिस्ती धर्मग्रंथातील एका पुस्तकावर या पानांत टीकालेख यावा याचे आमच्या काही वाचकांस नवल वाटेल, आणि काहींस ते मुळीच रुचणार नाही. ज्यांच्या कुलदैवतांस सोळाव्या शतकात आपले मूळ स्थान सोडून नदीपलीकडे आसरा शोधावा लागला, त्यांनी ख्रिस्ती ग्रंथाकडे निखळ रसिकतेने पाहावे अशी अपेक्षा करणे सोपे नाही. श्रीमंगेश १५६० साली कुशस्थळीहून प्रियोळास गेले. केळशीची श्रीशांतादुर्गा त्याच दशकात कवळ्यास आली. ही स्मृती आमच्या घराघरांत आहे, आणि ती पुसून टाका असे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. तथापि ज्या ग्रंथाविषयी आज लिहावयाचे आहे तो वाचताना हीच स्मृती उपयोगी पडते, असा आमचा अनुभव आहे. ती कशी, ते पुढे येईल.

गोव्यात पुष्कळ ठिकाणी हिंदूंच्या आणि ख्रिस्त्यांच्या परसांमध्ये एकच गडगा असतो. कोणाच्या घरी अकाली मृत्यू झाला की गडग्याच्या एका बाजूस 'देवाची खुशी' हे शब्द कानी येतात, आणि दुसऱ्या बाजूस 'प्रारब्ध'. 'खुशी' हा शब्द कोकणी ख्रिस्ती मनुष्याच्या रोजच्या प्रार्थनेतला आहे; तेथे त्याचा अर्थ आनंद असा नसून ईश्वराची इच्छा असा आहे. दोन्ही शब्दांचा रोख एकच. जे झाले त्याचे कारण आपल्या बुद्धीच्या आटोक्याबाहेरचे आहे, ते जाणणारा दुसरा कोणी आहे, आपण मान लववावी. हे बोल खरे की खोटे, हा वाद तत्त्वज्ञांनी पुष्कळ घातला आहे. ते कोण बोलतो, कोणास बोलतो आणि केव्हा बोलतो, इकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. बायबलच्या जुन्या करारातील ईयोबाचे पुस्तक सगळे या प्रश्नाभोवती फिरते, असे आमचे मत आहे.

पुस्तक ४२ अध्यायांचे, मूळ हिब्रू भाषेतील. पहिले दोन अध्याय व शेवटच्या अध्यायाचा उत्तरार्ध गद्य कथा आहे; मधला सारा भाग काव्य आहे. कर्ता अज्ञात. काळाविषयी मतभेद असले तरी बहुतेक अभ्यासक त्यास इसवी सनापूर्वीच्या सहाव्या ते चौथ्या शतकात घालतात. म्हणजे ख्रिस्ताच्या कित्येक शतके आधीचा हा यहुदी ग्रंथ ख्रिस्ती परंपरेने वारशाने घेतला आहे. त्या काळाकडे आमच्या वाचकांनी थोडे थांबून पाहावे. इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास बाबेलच्या राजाने यरुशलेमचे मंदिर जमीनदोस्त केले आणि तेथील प्रमुख लोकांस कैद करून परमुलखात नेले. आपले मंदिर आपल्या देवाने का राखले नाही, हा प्रश्न ज्या समाजाच्या उरात सलत होता त्याच्या भाषेत हे काव्य लिहिले गेले. ज्या सत्तेने आमची देवळे पाडली तिच्या पाद्र्यांच्या हातातील धर्मग्रंथात, मंदिर मोडलेल्या लोकांचे हे काव्य बांधलेले होते. इतिहास असे चमत्कारिक योग घडवून आणतो. तो ग्रंथ त्यांनी त्या वेळी उघडून वाचला असता तर काय झाले असते, या तर्कात शिरण्याचे आम्हांस प्रयोजन नाही.

कथा थोडक्यात अशी. ऊस नावाच्या देशात ईयोब नावाचा सात्त्विक व देवभीरू गृहस्थ राहत असे. सात पुत्र, तीन कन्या, ७००० मेंढरे, ३००० उंट, ५०० बैलजोड्या, ५०० गाढवी असा त्याचा संसार. स्वर्गातील सभेत परमेश्वर त्याची वाखाणणी करतो. तेथे सैतान असतो; परंतु हा पुढच्या काळातला शिंगांचा सैतान नव्हे. मूळ शब्दाचा अर्थ आरोप करणारा असा आहे, आणि या सभेत त्याचे काम साधारणपणे सरकारी वकिलाचे आहे. त्याची शंका मार्मिक आहे. ईयोबाची भक्ती भरल्या गोठ्याच्या बळावर चालली आहे, ते काढून घ्या म्हणजे ती टिकते का पाहू, असे तो म्हणतो. आमच्या परिभाषेत बोलावयाचे तर निष्काम भक्ती मनुष्यास शक्य आहे काय, यावर स्वर्गात पैज लागली आहे. ईयोबास यातले काहीही ठाऊक नाही, आणि शेवटपर्यंत ते कोणी त्यास सांगत नाही. एका दिवसात गुरेढोरे जातात. दहाही मुले घर कोसळून मरतात. मग अंगावर गळवे येतात, आणि तो राखेत बसून खापरीने अंग खाजवू लागतो.

सभामंडपात हरदासांच्या मुखातून हरिश्चंद्राचे आख्यान ऐकलेल्या आमच्या वाचकांस ही मांडणी ओळखीची वाटेल. तेथेही देवसभेत सत्त्वाविषयी वाद निघतो आणि त्याचा भोग पृथ्वीवरील एका राजास भोगावा लागतो. पण हरिश्चंद्रास आपले वचन ठाऊक आहे. आपण कशासाठी सोसतो हे त्यास कळते. ईयोबाजवळ तेवढाही आधार नाही. म्हणूनच हरिश्चंद्र बोलत नाही आणि ईयोब बोलतो.

आता त्याचे तीन मित्र येतात: अलीफज तेमानी, बिल्दद शूही आणि सोफर नामाथी. मित्राची दशा पाहून ते मोठ्याने रडतात, वस्त्रे फाडतात, आणि सात दिवस व सात रात्री त्याच्यासह जमिनीवर बसून राहतात; कोणी एक शब्द बोलत नाही. साऱ्या पुस्तकात मित्रांनी केलेले हे एकच चांगले काम आहे. २०२१ च्या साथीत दुःखाच्या घरी जाऊन नुसते बसणेही आम्हांस साधले नव्हते. दूरध्वनीवरून मात्र आम्ही सर्वांनी पुष्कळ बोलून घेतले. कोणाशी काय बोललो ते आठवले तर आज शरम वाटते, आणि या मित्रांविषयी फार कठोर लिहिताना लेखणी अडखळते.

सात दिवसांनंतर ईयोब तोंड उघडतो आणि आपल्या जन्मदिवसास शाप देतो. तेथून काव्य सुरू होते. मित्रांस ते सहन होत नाही. देवाविरुद्ध काही बोलले जात आहे असे दिसताच देवाचे वकीलपत्र घेण्याची घाई त्यांस होते. अलीफज वयाने व वृत्तीने प्रौढ. तो रात्री झालेल्या दृष्टान्ताचा हवाला देऊन सौम्यपणे सांगतो की देवापुढे कोणीच निर्दोष नाही. बिल्दद पूर्वजांच्या वचनांचा आधार घेतो आणि मेलेल्या मुलांनी पाप केले असेल असे बापाच्या तोंडावर सुचवितो. सोफर सर्वांत तापट. तुझ्या अपराधाच्या मानाने देवाने तुला कमीच शिक्षा दिली, इथपर्यंत त्याची मजल जाते.

या सोफराच्या पहिल्याच भाषणाकडे आम्हांस वाचकांचे लक्ष विशेष वेधावयाचे आहे. टीकाकार ते भाषण बहुधा घाईने ओलांडतात. देवाचे ज्ञान आकाशाहून उंच, पाताळाहून खोल, पृथ्वीहून लांब आणि समुद्राहून रुंद आहे, त्याचा थांग मनुष्यास लागणार नाही, हा विचार सोफर मोठ्या ओजस्वी शब्दांत मांडतो. हेच तत्त्व पुढे अडतिसाव्या अध्यायापासून परमेश्वर स्वतः मांडणार आहे. मग सोफराचे चुकले कोठे? चूक अशी, की देवाची बुद्धी अगाध आहे असे म्हणून तो थांबत नाही. त्याच दमात, तिने ईयोबास का गांजले हे आपणांस पक्के ठाऊक आहे, असेही तो सांगतो. ज्याचा थांग लागत नाही त्याचा तळ मी पाहून आलो, असे हे बोलणे. देवाची अगाधता तो दुसऱ्याच्या तोंडावर हात ठेवण्यासाठी वापरतो; स्वतःच्या तोंडावर नाही.

जसजसा वाद वाढतो तसतसे मित्र खोटेपणाकडे सरकतात. बाविसाव्या अध्यायात तोच सौम्य अलीफज ईयोबाच्या पापांची यादीच वाचतो: तू भाऊबंदांकडून विनाकारण गहाण घेतलेस, उघड्यांची वस्त्रे हिरावलीस, तहानेल्यास पाणी दिले नाहीस, विधवांस रिकाम्या हाती परत पाठविलेस. यातले त्याने काहीही पाहिलेले नाही. सिद्धान्त वाचविण्यासाठी त्यास पापे रचावी लागतात. ईयोबाने तेराव्या अध्यायातच त्यांस विचारून ठेवले होते की देवाची बाजू राखण्याकरिता तुम्ही खोटे बोलणार काय. धर्माच्या साहित्यात यापेक्षा टोकदार प्रश्न आमच्या वाचनात नाही.

येथे आपल्या घराकडे वळून पाहणे प्राप्त आहे. मित्रांचे तर्कशास्त्र आणि आपला कर्मविचार यांत साम्य उघड आहे. भेद इतकाच की अलीफजास पापे याच जन्मात शोधावी लागली, आणि म्हणून ती खोटी ठरविता येत होती. आमच्याजवळ पूर्वजन्म आहे. तेथील दप्तर कोणासही तपासता येत नाही. कर्मसिद्धान्तावर आमचा रोष आहे असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वरावर पक्षपाताचा व निर्दयतेचा आरोप येतो, तेव्हा त्याचे निरसन याच सिद्धान्ताने केले आहे, आणि विचार म्हणून ते निरसन मोठ्या ताकदीचे आहे. पण ते सूत्र ईश्वरास आरोपातून सोडविण्यासाठी आहे. शेजारणीचे मूल गेले असता तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करण्यासाठी नव्हे. 'माझे प्रारब्ध' असे म्हणणाऱ्या मनुष्याविषयी आम्हांस आदर आहे. 'तुझे प्रारब्ध' असे म्हणणारा सोफराच्या पंक्तीस जाऊन बसतो.

ईयोब काय मागतो, हे नीट पाहिले पाहिजे. गुरेढोरे परत द्या असे तो कोठेही म्हणत नाही. त्यास सुनावणी हवी आहे. त्याची भाषा न्यायसभेची आहे: आपण फिर्याद मांडू, देवाने उत्तर द्यावे, किंवा देवाने विचारावे, आपण उत्तर देऊ, मधे कोणी पंच असता तर बरे झाले असते. एकतिसाव्या अध्यायात तो शपथेवर आपल्या आचरणाचा जबाब देतो आणि जणू खाली सही करतो. कोकणात व गोव्यात देवळात गाऱ्हाणे घालण्याची जी रीत आहे, तिची येथे आठवण होते. गाऱ्हाणे या शब्दात तक्रार आणि प्रार्थना एकत्र नांदतात. देवाविषयी तक्रार करावयाची ती देवापुढेच, कारण ती ऐकणारा दुसरा कोणी नाही हा विश्वास तिच्यात गृहीत असतो. ईयोबाचे सारे बोलणे असे गाऱ्हाणे आहे. मित्र देवाविषयी बोलतात. देवाशी मात्र एकदाही बोलत नाहीत. ईयोब वरचेवर त्यांच्याकडे पाठ फिरवून थेट देवास हाक मारतो. हा व्याकरणातील पुरुषाचा फरक काव्याचा गाभा आहे. तुकोबांस दुष्काळात अन्नावाचून पत्नीचा मृत्यू पाहावा लागला; त्यांची विठ्ठलाशी झालेली भांडणे ज्यांच्या परिचयाची आहेत, त्यांस हे अधिक फोडून सांगण्याची गरज नाही.

मध्येच अठ्ठाविसाव्या अध्यायात ज्ञानाविषयीचे एक स्वतंत्र सूक्त येते. माणसे डोंगर फोडून रुपे, सोने, लोखंड, तांबे काढतात, अंधारात दिवे नेऊन खाणी खणतात. पण ज्ञानाची खाण कोठे आहे हे मनुष्यास, पशुपक्ष्यांस, मृत्यूसही ठाऊक नाही, असा त्याचा आशय. काव्य म्हणून ते अत्यंत सुंदर आहे. पुढे अलीहू नावाचा एक तरुण उभा राहून सहा अध्याय बोलतो. त्याचा आधी कोठे उल्लेख नाही आणि नंतरही नाही. पुष्कळ अभ्यासक तो भाग मागाहून घातलेला मानतात, आणि आमच्या मते तो नसता तर काव्याचे काही बिघडले नसते.

मग वावटळीतून परमेश्वर बोलतो. वाचकाची अपेक्षा असते की आता पैजेची हकीकत कळेल, किंवा निदान ईयोब निर्दोष आहे एवढे तरी सांगितले जाईल. यांपैकी काहीच होत नाही. परमेश्वर उलट प्रश्न विचारू लागतो. पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू होतास काय? समुद्रास दारे कोणी लावली? हिमाची कोठारे तू पाहिलीस काय? रानबकऱ्या केव्हा वितात, रानगाढवास मोकळे कोणी सोडले, घोड्याच्या मानेत बळ कोणी भरले, ससाणा कोणाच्या बुद्धीने पंख पसरतो? शेवटी बहेमोथ आणि लिव्याथान हे दोन प्रचंड प्राणी येतात. देवळात कौल मागण्यास गेलेल्या मनुष्यास उजवा नाही व डावाही नाही असा कौल मिळावा, आणि त्याऐवजी पुजाऱ्याने त्यास बाहेर नेऊन रान दाखवावे, तसे हे आहे.

पुष्कळ आधुनिक वाचक या ठिकाणी रागावतात. मुले मेलेल्या बापास शहामृगाची माहिती कशाला, असे ते विचारतात. बलवानाने दुर्बळास दरडावून गप्प केले, असा अर्थ लावतात. हा आक्षेप हलका नव्हे, आणि प्रथमवाचनी आमचेही मत तेच झाले होते. पण भाषण पुन्हा वाचले असता एक गोष्ट ध्यानी आली. जेथे मनुष्य राहत नाही अशा ओसाड भूमीवर पाऊस पाडून तेथील गवत उगविणारा तो कोण, असे परमेश्वर एके ठिकाणी विचारतो. मित्रांच्या जगात पाऊस हा पुण्यवंताचे बक्षीस असतो आणि अवर्षण पाप्याची शिक्षा. या भाषणातील पाऊस कोणाच्याही पापपुण्याचा हिशेब न ठेवता, कोणी पाहत नसता, रानात पडतो. ज्या वहीत ईयोबाचे नाव अपराधी म्हणून लिहिले गेले होते ती वहीच येथे बाजूस सारलेली आहे. भाषणात ईयोबाच्या पापाचा उच्चारही नाही. अलीफजाच्या यादीतील एकही कलम परमेश्वर उचलत नाही. तुझ्या बुद्धीपलीकडचे हे सारे आहे, असे ईयोबास सांगितले जाते. परंतु तू पापी होतास म्हणून हे झाले, असे सांगितले जात नाही.

गीतेच्या अकराव्या अध्यायाशी तुलना येथे अटळ आहे. अर्जुनास विश्वरूप दिसते, आणि तो भयाने सौम्य रूप परत मागतो. ते त्यास मिळते, कारण रथावर त्याचा सखा बसलेला आहे. त्याआधी दहा अध्याय त्याच्या शंकांस उत्तरेही मिळालेली आहेत. ईयोबास उत्तर नाही आणि रूपही नाही. केवळ वाणी आहे, आणि तीत भरलेली सृष्टी आहे. तरीही शेवटी तो म्हणतो की आजवर मी तुजविषयी कानांनी ऐकले होते, आता डोळ्यांनी पाहिले. त्याने पाहिले काय? आमच्या समजुतीप्रमाणे, ज्यास हाक मारीत होतो तो हाकेच्या अंतरावर होता, एवढेच. गाऱ्हाणे फेटाळले गेले असेल, पण ऐकले गेले.

यानंतरचे वाक्य या पुस्तकातील सर्वांत वादग्रस्त वाक्य होय. प्रचलित भाषांतरे बहुधा असे दाखवितात की ईयोब स्वतःचा धिक्कार करतो आणि धूळराखेत बसून पश्चात्ताप करतो. परंतु मूळ हिब्रूतील पहिल्या क्रियापदास कर्मच नाही; कशाचा धिक्कार, हे वाचकाने भरावयाचे आहे. दुसऱ्या क्रियापदाचा अर्थ पश्चात्ताप करणे असा होतो, तसाच सांत्वन पावणे असाही होतो. म्हणजे हा मनुष्य पराभूत होऊन लोळण घेत आहे, की आपल्या धुळीच्या देहाविषयी त्याचे मन निवले आहे, हे व्याकरणाने ठरत नाही. आम्हांस दुसरा अर्थ जवळचा वाटतो, आणि त्याचे कारण लगेच पुढे आहे. परमेश्वर अलीफजास म्हणतो की तू आणि तुझे दोघे मित्र माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला तसे. भांडणारा यथार्थ ठरला. देवाची वकिली करणारे दोषी ठरले. सात बैल आणि सात एडके यांचे होमार्पण त्यांस सांगितले जाते, आणि ईयोबाने त्यांच्याकरिता प्रार्थना करावी, म्हणजे त्यांस क्षमा होईल, अशी व्यवस्था होते.

हा निकाल ध्यानी ठेवला तर ख्रिस्ती परंपरेने या पुस्तकाचे पुढे काय केले हे पाहणे उद्बोधक ठरते. नव्या करारातील याकोबाच्या पत्रात ईयोबाच्या सहनशीलतेचा गौरव आहे, आणि तेव्हापासून उपदेशकांच्या मुखी ईयोब म्हणजे मुकाट्याने सोसणारा, अशी मूर्ती ठरून गेली. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी ३५ भागांचे विस्तृत भाष्य लिहून प्रत्येक तपशिलात रूपक पाहिले. कॅल्विन यांनी १५५४-५५ मध्ये जिनीव्हात या एका पुस्तकावर १५९ प्रवचने दिली. विद्वत्ता अपार, पण पहिल्या दोन अध्यायांतील सोशिक ईयोब आणि मधल्या अध्यायांतील भांडखोर ईयोब यांतला पहिलाच मेणबत्त्यांच्या प्रकाशात उभा राहिला. विश्वास ठेव, देवाची योजना तुला कळणार नाही, हे वाक्य व्यासपीठावरून येऊ लागले म्हणजे ते ईयोबाचे न राहता पुन्हा सोफराचे होते. याउलट ख्रिस्ती श्रद्धेच्या अगदी मध्यावर जी घटना आहे, तीत क्रुसावरील येशू देवाने आपला त्याग का केला असे मोठ्याने विचारतो, आणि त्यास त्या वेळी उत्तर मिळत नाही. ज्या धर्मात खुद्द पूज्य पुरुषाच्या तोंडी असे गाऱ्हाणे आहे, तेथे सामान्य दुःखिताचे गाऱ्हाणे अश्रद्धा कशी ठरावी? ख्रिस्ती विचारवंतांनी हा प्रश्न उचलला नाही असे नव्हे. परंतु गडग्यापलीकडच्या मयताच्या घरात तो क्वचितच पोचतो. आमच्या बाजूसही तुकोबांची भांडणे भजनात म्हटली जातात, आणि मयताच्या घरी प्रारब्धच सांगितले जाते.

मराठीत या पुस्तकाचे एक भाषांतर पंडिता रमाबाई यांनी केलेल्या संपूर्ण बायबलात आहे. त्यांच्या धर्मांतराविषयी आमच्या वाचकांची मते काय असतील ती असोत. येथे तो वाद नाही. रमाबाईंचा जन्म १८५८ साली सह्याद्रीत, आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे देवळादेवळांतून पुराणे सांगत हिंडले. जवळचे द्रव्य दानधर्मात व तीर्थयात्रेत खर्च झाले. मग १८७४ च्या सुमारास दुष्काळात उपासमारीने वडील, पाठोपाठ आई, आणि नंतर थोरली बहीण गेली. १८८० साली भाऊ, १८८२ साली पती. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथेही त्या मुकाट राहिल्या नाहीत. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली प्रसिद्ध झाला आहे. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून आलेली आपण दुसऱ्या पुरोहितवर्गाचे जोखड मानेवर घेणार नाही, असा त्यांचा त्यात निर्वाळा आहे. त्रैक्यादी सिद्धान्तांविषयी बुद्धीस पटेपर्यंत त्या भांडत राहिल्या, आणि गुरुस्थानी असलेल्या बाईंस तो अहंकार वाटला. ज्या स्त्रीने देवास शरण जाताना कोणाही मध्यस्थाच्या म्हणण्यावरून मान हलविली नाही, तिने पुढे हिब्रू व ग्रीक शिकून, केडगावात दुष्काळग्रस्त मुलींचा संसार चालवीत, बायबलचे हे पुस्तकही मराठीत आणले. काम संपत आले असता, जुलै १९२१ मध्ये, एकुलती कन्या मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. सोफराचे भाषण त्यांनी कोणत्या मनाने उतरविले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

ग्रंथाचे दोषही सांगितले पाहिजेत. शेवटच्या गद्य भागात ईयोबास सारे दुप्पट मिळते: १४००० मेंढरे, ६००० उंट, १००० बैलजोड्या, १००० गाढवी. सोळा आणे चोख फेड. चाळीस अध्याय ज्या हिशेबाविरुद्ध काव्य उभे राहिले तोच हिशेब मागल्या दाराने आत येतो, आणि पैज जिंकल्याचे बक्षीस वाटले जाते. कदाचित ही जुनी लोककथा असेल आणि कवीने तिचा शेवट बदलण्याचे धाडस केले नसेल. मुले मात्र दुप्पट नाहीत; पुन्हा सातच पुत्र आणि तीनच कन्या. हरिश्चंद्राच्या आख्यानात रोहिदास उठून बसतो आणि सभामंडप सुटकेचा निःश्वास टाकतो. येथे मेलेली दहा मुले परत येत नाहीत. त्यांच्या जागी दुसरी दहा जन्मतात. नव्या तीन मुलींची नावे कवी आवर्जून देतो, बापाने त्यांस भावांबरोबर वतनात वाटा दिला हेही सांगतो. गेलेल्यांपैकी एकाचेही नाव तो देत नाही.

आणि त्यांच्या आईचे काय? दहा मुले तिचीही होती. ईयोब राखेत बसला असता ती एकदाच बोलते, देवास शिव्या देऊन मर असे काहीसे; नवरा तिला मूर्ख बायकांसारखी बोलतेस म्हणून गप्प करतो, आणि ती पुस्तकातून नाहीशी होते. शेवटच्या सुबत्तेतही तिचा उल्लेख नाही. नव्या मुलांची आई तीच की दुसरी, हे कवीस सांगावेसे वाटले नाही. स्मशानात तारामतीचा विलाप सुरू झाला की आमचे हरदास आख्यान तासभर पुढे नेत नाहीत, आणि कोणी घाई करीत नाही. ही उणीव फार पूर्वीच कोणास तरी टोचली असावी. हिब्रूचे प्राचीन ग्रीक भाषांतर करणाराने तिच्या तोंडी मुळात नसलेला मजकूर घातला आहे. तीत ती आपल्या वाया गेलेल्या प्रसूतिवेदनांविषयी बोलते, मोलमजुरीसाठी घरोघर फिरत आपण सूर्य केव्हा मावळेल याची वाट पाहतो असे सांगते. मराठी बायबल हिब्रूस धरून चालते, म्हणून आमच्या भाषेत अद्याप तिच्या वाट्यास एकच वाक्य आहे.